झरीच्या नदीवर दादाचा गळ

आधीच सांगून टाकते, ही पोस्ट रागात लिहिलेली आहे. परत येऊन आठवडा झाला तरी माझं डोकं थंड झालेलं नाही. नुसतं निसर्गरम्य वगैरे वाचायला आला असाल तर दुसरा ब्लॉग बघा. नदी सुंदर आहे, तुम्हीही जा, कसं जायचं आणि काय न्यायचं ते सगळं सांगते. फक्त मध्येमध्ये मी चिडेन, तेवढं चालवून घ्या.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. रेल्वेत सिग्नलला होता. निवृत्त झाला आणि वर्षाच्या आत पक्षाघाताचा झटका आला. आता चालतो, बोलतो, जेवतो, पण उजव्या हाताची बोटं वळत नाहीत. व्यायाम करून घ्यायला एक फिजिओथेरपीवाली मुलगी घरी यायची, तिलाही त्याने पावसाळ्यात परत पाठवलं. "या हातात काही राहिलेलं नाही. पुरे झाले खेळ," म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला. वहिनी रडून थकली, मी भांडून थकले. शेवटी दिवाळीनंतर एकदा मी चिडून म्हटलं, "चल झरीला. गळाला आमिष तू स्वतः लावायचं. मासा लागला तर मुकाट्याने व्यायाम सुरू. नाही लागला तर मी या विषयावर पुन्हा तोंड उघडणार नाही." दादा भिंतीकडून माझ्याकडे वळला. "शब्द दे," म्हणाला. दिला.

झरी का, तर आमचं लहानपण डहाणूच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं आणि वडिलांच्या हाताखालचे एक गँगमन झरीचे होते. सुट्टी लागली की दादा त्यांच्यामागे नदीवर पळायचा. ते गँगमन आता नाहीत. त्यांचा मुलगा दशरथ शेतावरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतो, जेवणखाण घरचं. दोघांचे मिळून दोन-अडीच हजार झाले, तक्रार नाही.

आम्ही राहतो विरारला. माझी छोटी गाडी काढली आणि शनिवारी सकाळी निघालो. हायवेबद्दल मी काय बोलू? एक लेन बंद, बाजूच्या लेनमध्ये गुजरातकडे जाणारे कंटेनर, आणि त्यांच्या मधून उलट्या दिशेने निवांत येणारा एक दुचाकीवाला, मागे गवताचा भारा! मनोरपर्यंत मी इतक्या शिव्या घातल्या की दादाने खिडकीची काच वर केली. तुम्ही निघाल तर पहाटे निघा. चारोटीला चहा घ्या, विवळवेढ्याच्या महालक्ष्मीचं दर्शन परतीच्या वाटेवर ठेवा, आणि पेट्रोल आधीच भरून घ्या.

आता सामानाचं. पुण्याच्या आमच्या भाच्याने, म्हणजे दादाच्या मुलाने, बाबांसाठी म्हणून ऑनलाइन एक अख्खा सेट पाठवला होता. जाडजूड रॉड, त्याला रीळ, प्लॅस्टिकचे बेडूक, चमचमणारे पत्रे आणि शिशाचे असले गोळे की डोक्यात बसले तर माणूस आडवा व्हावा. अरे बाबा, गुडघ्याएवढ्या पाण्यात तुझा बाप काय मगर पकडणार आहे का? उथळ आणि ओढीच्या नदीत जड शिसं टाकलं की ते थेट दगडांच्या फटीत जाऊन बसतं आणि गळ तुटतो, एवढं साधं गणित आहे. वहिनीने वर हळद घालून कणकेचे गोळे करून दिले होते. कणीक तळ्यात ठीक, संथ पाण्यात ठीक. धावत्या पाण्यात मासा बघायच्या आत ती विरघळून जाते.

तलासरीच्या बाजारात एका हार्डवेअरच्या दुकानात बारीक गळ आणि पातळ तंगूस मिळाला. तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, जितका पातळ तितका पाण्यात कमी दिसतो. दुकानदार गुजराती वळणाचं मराठी बोलत होता. "बेन, ये मोटावाला घ्या ना, मजबूत हाय."

"मजबूत नको, बारीक द्या."

"पन तुटेल तो मला बोलू नको हां."

"नाही बोलणार, द्या!" मी इतक्या जोरात म्हटलं की बाजूच्या बाईने खिळे मोजायचे थांबवले. शिसं म्हणाल तर हरभऱ्याच्या डाळीएवढं पुरे, आमिष पाण्याखाली राहण्यापुरतं. काठी बांबूची, हलकी, डोक्याहून थोडी उंच. ती दशरथकडे होती. आणि आमिष एकच, गांडूळ. केळीच्या बुडाशी ओली माती उकरा, हवी तेवढी मिळतात. ओल्या मातीसकट डब्यात ठेवा, उन्हात ठेवलीत तर मरतात.

दशरथकडे पोचलो तेव्हा जेवण तयार होतं. तांदळाची भाकरी, सुकटाची चटणी, वालाचं बिरडं. बोटं चाटून जेवलो. दशरथ चाळिशीचा असेल, सतत हसतमुख. "काका, टेन्शन नाय घ्यायचं. मासा येनारच," असं तो जेवताना चार वेळा म्हणाला. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

नदी शेताच्या खालीच आहे. पावसाळा ओसरला की पाणी काचेसारखं होतं, खडकांवरून खळखळत उतरतं आणि मोठ्या दगडांच्या मागे जरा थांबतं. मासे तिथेच असतात. ओढीत उभं राहून दमायला ते काही खुळे नाहीत. आमिष वरच्या बाजूला सोडायचं, पाण्याने वाहत त्या थांबलेल्या जागेत न्यायचं.

दादा एका सपाट खडकावर बसला. डाव्या हातात गळ, उजव्या हातात गांडूळ. बोटं मिटेनात. गांडूळ पडलं. दुसरं घेतलं, पडलं. माझे हात शिवशिवायला लागले. मी पुढे झाले तर खेकसला, "हात लावू नकोस! शब्द काय ठरलाय?"

"अरे, फक्त धरते."

"धरायचंही नाही!"

मग काय, बसले दूर. मनातल्या मनात त्या बोटांवर, त्या झटक्यावर, देवावर, सगळ्यांवर चिडत बसले. शेवटी त्याने गांडूळ गुडघ्यावर उजव्या तळव्याने दाबून धरलं आणि डाव्याने गळ ओवला. गळ पाण्यात गेला. दुपार सरली. मासा काही लागला नाही.

उन्हं कलायला लागली तसा दशरथ आला. "काका, ताई, वर आंब्याखाली चहा ठेवलाय. तुमी घ्या, काठी मी धरतो." आम्ही गेलो. चहा संपायच्या आत खालून आरोळी, "काका, लागला! या लवकर, तुमीच ओढा!" दादा धडपडत उतरला. मी त्याच्या मागे. त्याने डाव्या हाताने काठी उचलली आणि तंगूसाला तळहाताएवढा चिलापी मासा लटकत वर आला. मी किंचाळले. फोटो काढला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, खोटं कशाला बोलू?

दादाने मासा हातात घेतला. कल्ला उघडून बघितला. डोळ्यावर अंगठा फिरवला. मासा ताठ होता, ओढीतून आत्ता निघालेला मासा तडफडतो, हा हललाही नाही. दादाने तो खडकावर ठेवला.

"दशरथ, बाजारात कितीला मिळाला रे?"

दशरथचं हसू गेलं. "काका, तसं नाय..."

मी भडकले! असला राग मला कित्येक वर्षांत आला नव्हता. लाज नाही वाटत का, माणूस आजारी आहे म्हणजे खुळा झालाय का, काय वाट्टेल ते बोलले. दशरथ खाली मान घालून ऐकत होता. मग हळूच म्हणाला, "तुमच्या वहिनींचा फोन आलेला, ताई. त्या बोलल्या, कायपन कर पन मासा लागू दे. आन आमच्याकडून पावना रिकाम्या हाताने कसा पाठवू मी? बाबा असते तरी त्यांनी हेच केलं असतं."

"तुझ्या बापाने मला उचलून नदीत टाकलं असतं, पण विकतचा मासा गळाला लावला नसता," दादा म्हणाला. आवाज चढवला नाही. काठी तिथेच ठेवून वर निघून गेला.

मी तिथूनच वहिनीला फोन लावला. "असलं सोंग करायला कुणी सांगितलं होतं तुला?"

"तुझं काय जातं गं?" वहिनी पलीकडून तडकली. "तू शब्द देऊन मोकळी. मासा नाही लागला तर तो हात तसाच राहणार, जन्मभर. रोज बटणं मी लावते, तू नाही लावत. एका माशाने तो व्यायाम करणार असेल तर मी दहा मासे विकत आणेन!" फोन कट.

बटणांचं खरं होतं. त्याचाही राग आला.

रात्री दादा जेवला नाही. सकाळी मी नदीवर जायचं म्हटलं तर म्हणाला, "कशाला? ठरलं ना. माझ्याच्याने लागत नाही म्हणून तर तुम्हाला बाजारातून आणावा लागतो."

"मी नाही आणला! ते तिचं तिच्यापाशी. माझा शब्द अजून शाबूत आहे. तुलाच मासा नकोय दादा. तुला एकदाचं हरून भिंतीकडे तोंड करायचंय. मग कर, जा! पण तुला विरारला नेऊन सोडणारी गाडी दुपारी निघेल, त्याआधी नाही." असं बोलून मी चपला घातल्या आणि नदीवर जाऊन बसले. एकटीच. रागाने पाण्यात दगड मारत.

काही वेळाने मागून पावलांचा आवाज आला. "दगड मारू नकोस, मासे पळतील," दादा म्हणाला.

या वेळी मी हात मांडीखाली दाबून बसले. दशरथला येऊ दिलं नाही. दादाने गुडघ्यावर गांडूळ दाबलं, गळ ओवला, दगडाच्या वरच्या अंगाला सोडला. दोरा वाहत खाली आला आणि मध्येच थरथरला. दादाने हिसका दिला. उशिरा. गळ वर आला तो रिकामा, स्वच्छ, गांडुळाचा तुकडाही नाही.

दादा त्या गळाकडे बघत बसला. मग मान वर केली. "खाल्लं गं! कोणीतरी खाल्लं!"

पुन्हा ओवला, पुन्हा खाल्लं. एकदा तर पाण्यात चकाकलेलं अंगही दिसलं, बोटाएवढं, बस्स. दादा त्या माशाला शिव्या घालत होता, अगदी क्वार्टरमधल्या, मी विसरलेल्या. डब्यातली गांडुळं संपली. मासा एकही मिळाला नाही.

निघताना दशरथने चिकू आणि तांदूळ गाडीत ठेवले. मी त्याच्याशी बोलले नाही, दादा बोलला. विवळवेढ्याला दर्शन घेतलं, गर्दी नव्हती, गाडी हायवेच्या बाजूला लावता येते. तुम्ही जाल तर बारीक गळ, पातळ तंगूस, गांडूळ, आणि सोबतच्या माणसाला त्याचं त्याला करू द्यायची तयारी न्या. शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड आहे, मी सांगते. माझं तर वहिनीशी अजूनही धड बोलणं नाही. तिचं चुकलं असं मला रोज वाटतं, आणि बटणांचं आठवलं की तेवढं ठामपणे वाटत नाही, आणि मग मी आणखी चिडते.

विरारला घराचं दार वहिनीनेच उघडलं. माझ्याकडे बघितलंही नाही. दादाला विचारलं, "लागला का?"

"नाही."

वहिनीचा चेहरा उतरला. दादा चपला काढत होता, डाव्या हाताने, भिंतीला टेकून.

"उजव्या हाताची साथ असती तर वेळेवर ओढला असता," तो म्हणाला. "त्या व्यायामवाल्या पोरीला उद्यापासून यायला सांग."