काळ्या तिळांचे डोळे

“तळण नको म्हणालास ना? मग नाही तळत. वाफवतेय,” सुचेता म्हणाली आणि उकडीचं पातेलं तिने ओट्यावर जरा जोरातच ठेवलं.

“मुद्दा तळणाचा नाहीये, सणाचा आहे.”

“हॅलोविन कधीपासून आपला सण झाला? दाखव पंचांगात.”

“आज नरकचतुर्दशी आहे,” रवींद्र म्हणाला. कानातला ऑफिसचा हेडफोन त्याने काढून हातात घेतला होता. म्हणजे भांडायला पुरेसा वेळ होता. “सकाळी आपण उटणं लावलं नाही, दारात पणती लावली नाही. बाबांना जाऊन वर्ष झालं नाही अजून. आणि तू पोरं गोळा करून घरात भुतं करणार? आईला काय वाटेल?”

“विचारलंय मी त्यांना.”

“काय म्हणाली?”

“म्हणाल्या, तुम्हाला काय करायचंय ते करा.”

“म्हणजे नको म्हणाली.”

हे सुचेतालाही कळत होतं. सासूबाईंच्या ‘काय करायचंय ते करा’चा अर्थ लावायला ती लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातच शिकली होती. आज तिने तो मुद्दामच लावला नव्हता.

“फेब्रुवारीत वर्षश्राद्ध झालं की कर काय हवं ते,” रवींद्र म्हणाला. “साताऱ्याला जाऊन सगळं नीट पार पाडू. तिकिटं काढून झालीत. तोवर जरा कळ काढ.”

“दोन वर्षांपूर्वी याच ओट्यावर चकल्या तळल्या मी. तेव्हा कोणी कळ काढली होती?”

“ते वेगळं होतं.”

“काय वेगळं होतं?”

“तुला तीनच दिवस होतं सुतक. लग्न झालेल्या मुलीला तीनच असतं. नियम मी केलेत का?”

तेवढ्यात बेल वाजली आणि लेक शिवांगी धाडधाड जिना उतरून दाराकडे पळाली. रवींद्रने हेडफोन पुन्हा कानात घातला आणि तो माळ्यावरच्या खोलीत निघून गेला.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर मिरजेला सुचेताची आई वारली. सकाळी फोन आला, संध्याकाळी सगळं उरकलं होतं. रवींद्रच्या कंपनीतलं कुठलंसं यंत्र त्या आठवड्यात बाहेर पाठवायचं होतं, शिवांगी सात वर्षांची, तिला बघायला कोणी नाही. “आता जाऊन तू करणार तरी काय?” असं तो म्हणाला, आणि ते खोटंही नव्हतं. दहाव्याचे विधी तिने फोनवर पाहिले. नदीकाठी भाताचे पिंड मांडले होते, वर काळे तीळ. कावळा शिवत नव्हता. भावाने हात जोडून एकेक कबूल केलं, काकांनी केलं, वहिनीने केलं. फोन धरलेल्या भाच्याला कोणीतरी म्हणालं, “आत्याला विचार.” पण तेवढ्यात कावळा आला, सगळे हलले, आणि फोनवर नुसती वाळू दिसायला लागली. सुचेताला काहीच कबूल करता आलं नाही. दुपारी तिला शाळेत जायचं होतं.

आई गेली त्याच आठवड्यात कंपनीतली भारतीय मंडळी फराळाला यायची होती. आमंत्रणं आधीच गेलेली. साताऱ्याहून सासूबाई फोनवर म्हणाल्या, “चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलंस ना? मग झालं. घराला लाग.” सुचेता घराला लागली. सगळे म्हणाले, चकल्या काय खुसखुशीत झाल्यात.

या फेब्रुवारीत सासरे, शशिकांतराव गेले, तेव्हा तिघंही त्याच रात्री विमानात होती. कंपनीतली यंत्रं तेव्हाही जायचीच होती.

शाळेतलं तिचं काम म्हणजे मधल्या सुट्टीत मुलांना डबे खायला घालणं. मिरजेला ती हायस्कूलात शास्त्र शिकवायची. इथे हॉलंडमधल्या बेस्ट गावात नवऱ्याच्या व्हिसावर आली, भाषा शिकण्यात आणि शिवांगीच्या मागे काही वर्षं गेली, आणि मग हे काम मिळालं. रवींद्र त्याला ‘सुचेताचा शाळेतला टाइमपास’ म्हणे. पण एका ऑक्टोबरमध्ये तिने मुलांबरोबर अर्ध्या केळ्यांची भुतं केली, चॉकलेटच्या टिकल्यांचे डोळे लावून. सोललेल्या संत्र्यात सेलरीचा देठ खोचला की भोपळा होतो, हेही दाखवलं. तेव्हापासून दर वर्षी पोरं सप्टेंबरपासूनच मागे लागत, यंदा काय करायचं? या देशात कोणी तिची वाट बघतं, असं ते एवढंच. यंदा हॅलोविन शरदाच्या सुट्टीत आला होता, शाळा बंद होती, म्हणून ती म्हणाली होती, या माझ्या घरी.

आली दोघंच. शेजारची लोत्ते आणि मागच्या गल्लीतला अथर्व. लोत्तेने दारातच बूट काढले आणि ओरडली, “सुचेता, मी आले!”

सासूबाई, वृंदाताई, त्याच वेळी जिन्यावरून उतरत होत्या. तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्यापासून हे त्यांना रोज नव्याने खटकत होतं. “एवढीशी पोरगी आणि नावाने हाक मारते!”

“इथे शिक्षकांनाही नावानेच हाक मारतात, आई.”

“मग म्हाताऱ्यांना काय म्हणतात?”

“लोत्ते मला विचारत होती,” शिवांगी म्हणाली, “की आजीचं नाव काय. मी सांगितलं, वृंदा.”

“शहाणीच आहेस,” म्हणत वृंदाताई बाहेरच्या खोलीत जाऊन बसल्या. फार रागावल्या नव्हत्या. गेल्या फेब्रुवारीपासून त्यांना नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं.

केळी आणि संत्री हां हां म्हणता झाली. अथर्वने एका भुताचे डोळेच खाऊन टाकले, म्हणून ते आंधळं भूत ठरलं. मग सुचेताने पातेल्यावरचं झाकण काढलं. यंदाचं नवीन हेच होतं. तांदळाच्या पिठीची उकड, मोदकाची असते तीच. हाताला तेल-पाणी लावून मळायची, गोळा घ्यायचा, वरून चिमटीने ओढून टोक काढायचं, खाली झगा पसरायचा. भूत तयार.

“गरम आहे!” लोत्ते किंचाळली.

“फुंकर मार. तेल लाव. आता दाब, घाबरू नकोस, त्याला लागत नाही.”

“डोळे कशाचे?” अथर्वने विचारलं. “चॉकलेट?”

“वाफेत वितळेल. रडकी भुतं होतील. लवंग लावली तर तुम्हीच थुंकाल.” तिने मसाल्याचा डबा उघडला. “हे घ्या. काळे तीळ.”

तिच्या डोक्यात तेव्हा खरोखरच दुसरं काही नव्हतं. वाफेत न वितळणारं, पोरांच्या दाताखाली न टोचणारं, काळं काय आहे, एवढाच विचार होता. पोरांनी जिभा बाहेर काढून एकेक तीळ चिकटवला. मोदकपात्रात मावेनात म्हणून भुतं स्टीलच्या ताटात ओळीने मांडली गेली. उरलेली उकड सुचेताने ओल्या फडक्याखाली झाकून ठेवली.

वृंदाताई चहाला आत आल्या आणि ताटाशी थांबल्या.

“सुचेता, हे काय मांडलंयस?”

“भुतं आहेत, आजी. डचमध्ये स्पोक,” शिवांगी म्हणाली.

“पिंड दिसतायत गं हे.”

सुचेताने ताटाकडे पाहिलं. पांढरे गोळे, काळे तीळ, ओळीने. तिचे तेलाचे हात तसेच हवेत राहिले.

“पिंड म्हणजे?” लोत्तेने विचारलं. शिवांगीला माहीत नव्हतं. अथर्वलाही नव्हतं. तिघं सुचेताकडे बघायला लागली.

“माणूस गेलं की त्याच्यासाठी भाताचे गोळे करतात,” सुचेता डचमध्ये म्हणाली. “त्याने येऊन खावं म्हणून.”

लोत्तेने जरा विचार केला. “म्हणजे हेच की.”

शिवांगी मात्र खूश झाली होती. “मी तर केलेच आहेत आपले!” तिने ताटाच्या टोकाकडे बोट दाखवलं. एका भुताला शेवयांच्या काड्या वाकवून चष्मा लावला होता. “हे सातारचे आजोबा.” त्याच्या शेजारच्या भुताला मागे उकडीचा छोटा अंबाडा होता, त्यात गाजराचा कीस खोचलेला. “आणि ही मिरजेची आजी. फोनवर ती नेहमी केसांत फूल दाखवायची ना, म्हणून.”

सुचेताने तोंड सिंककडे वळवलं आणि नळ सोडला.

वृंदाताई ताटावर वाकल्या. कितीतरी वेळ चष्म्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “इतका वर नसायचा गं त्यांचा. नाकावर घसरलेला असायचा.” आणि करंगळीने त्यांनी ती शेवई जराशी खाली सरकवली.

गोष्ट तिथेच मिटलीही असती. पण रवींद्र कॉफीला खाली आला. आई ताटापाशी उभी, डोळे पुसतेय, हे त्याला जिन्यावरूनच दिसलं.

“काय झालं? आई?” तो जवळ आला. ताट पाहिलं. त्याने स्वतः पिंड दिले होते, त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. “सुचेता, अक्कल आहे का तुला?”

“लक्षात नाही आलं माझ्या. डोळ्यांसाठी—”

“पापा, बघ, हे आजोबा,” शिवांगी म्हणाली.

त्याने तो गोळा बघितला. मग फार जपून, दोन्ही हातांनी उचलला, कागदी रुमालावर ठेवला आणि समोरच्या कपाटावर, शशिकांतरावांच्या फोटोपुढे नेऊन ठेवला. परत आला, ताट उचललं, ओल्या कचऱ्याचा डबा पायाने उघडला आणि ताट त्यात पालथं केलं. बुडाला चिकटलेले गोळे त्याने कालथ्याने खरवडून काढले.

“पापा! त्यात मिरजेची आजी होती!”

“अगं, पीठ आहे ते नुसतं.”

“मग आजोबा?”

रवींद्रने पेला धुतला, कॉफीच्या यंत्राखाली ठेवला, बटण दाबलं. शिवांगी आईकडे बघत होती. लोत्ते आणि अथर्व एकेक संत्र्याचा भोपळा हातात धरून दाराच्या बाजूला सरकली होती, दुसऱ्यांच्या घरात आवाज चढला की मुलं सरकतात तशी.

“जाऊ दे गं,” वृंदाताई सुचेताला म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, समजूतच होती. “माझी आई गेली तेव्हा चौथ्या दिवशी मी पाट्यावर पुरण वाटलं. घरात यांच्या बहिणीचा साखरपुडा होता. कोणी विचारलंही नाही. काही बिघडलं का माझं?”

सुचेताने त्यांच्याकडे पाहिलं. बिघडलं होतं की नाही हे तिला दिसत होतं.

तिने हात पुसले. फडकं बाजूला करून उरलेली उकड बाहेर काढली. गार होऊन कडक झाली होती, म्हणून पाण्याचा हात लावून पुन्हा मळली. “या रे,” ती मुलांना म्हणाली. “अजून होतील थोडी.” मुलं आधी हलली नाहीत. मग लोत्ते आली, तिच्यामागे अथर्व. शिवांगी सगळ्यात शेवटी आली आणि तिने पहिल्याच गोळ्याला अंबाडा केला. सुचेताने तिळाचा डबा तिच्यापुढे सरकवला.

“सुचेता, पुन्हा तेच?” रवींद्र म्हणाला.

“हो.”

“आत्ता सांगितलं ना मी—”

“आई, जरा तुम्हीही ऐका,” सुचेता म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. मधल्या सुट्टीत ती मुलांना डबे बंद करायला सांगायची, तसा होता. “फेब्रुवारीत साताऱ्याला रवींद्र आणि शिवांगी उतरतील. मी पुढे मिरजेला जाणार आहे. वर्षश्राद्धाचा स्वयंपाक मी करणार नाही. कोणाला सांगायचं ते आत्ताच सांगून ठेवा.”