निळं झबलं

सून धाराशिवला दवाखान्यात बाळंत झाली, तेव्हा माझी बायको परंड्याला घरी अंथरुणाला खिळून होती. पोटात गाठ. डॉक्टरनं हात टेकले होते. सुनेच्या बाळंतपणासाठीच ती थांबलीय, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

सकाळच्या एसटीनं गेलो. सासऱ्यानं बाळंतिणीच्या खोलीत पाय टाकायचा न्हाय, म्हणून दारातच उभा ऱ्हायलो. विहीणबाई लेकरू घेऊन आल्या. निळं झबलं, निळं टोपडं.

"बघा इवाई, नाक तुमच्यावर गेलंय."

"नाकाचं सोडा. सून बरी हाय ना?"

"बरी हाय. तुम्ही आधी घर गाठा, तिकडं जीव टांगणीला लागला असंल."

पोरगा का पोरगी, म्या इचारलं न्हाय. इचारायचं काय, निळं दिसत होतं की. आन खरं सांगायचं तर मला पोरगाच पाहिजे होता. लेक औषधं आणायला गेलेला, त्याचीही वाट बघितली न्हाय. स्टँडवर मिठाईवाला म्हणाला, "पेढे का बर्फी?" म्हणलं, "पेढे! पोरगा झालाय."

घरी शेजारीण बायकोच्या उशाला बसलेली. मी दारातनंच वरडलो, "नातू झाला!"

बायकोनं डोळे उघडले. "नीट बघितलं का?"

"बघितलं की. निळ्या झबल्यात हाय, राजावानी."

पेढा तिच्या ओठापाशी नेला. तिनं तोंड फिरवलं आन भिंतीकडं बघत म्हणाली, "मग ती न्हाय आली."

ती म्हणजे आमचं पहिलं लेकरू. पोरगी. नऊ महिन्यांची होऊन तापानं गेली. तेव्हापासनं बायकोनं कधी तिचा विषय काढला न्हाय, पण सुनेला दिवस गेले तसं एकच धरून बसली होती, "आता ती येणार बघा." मी म्हणायचो, "येडी झालीस व्हय?"

दिवस मावळायच्या आत बायको गेली. घटकाही झाली न्हाय तोच लेकाचा फोन. "आबा, आईला सांगितलं ना नात झाली म्हणून? लई वाट बघत होती."

झबल्याचं मागनं विहीणबाईंनी सांगितलं. आमच्याकडं तान्ह्या लेकराला पहिलं नवं कापड घालत न्हायत. ज्या घरात लेकरं जगली-वाढली, तिथलं जुनं मागून आणतात. बायकोनंच पडल्या पडल्या ईट गावच्या भाचीला निरोप धाडला होता. भाचीचा पोरगा धडधाकट, त्याचं झबलं निळं. बायकांतलं काम. मला कुणी बोललं न्हाय.

दहाव्याला कावळा शिवंना. ऊन चढलं. लेक म्हणाला, "आई, आबांना सांभाळीन." कावळा हलंना. भावकीतला एक म्हातारा म्हणाला, "नातवंडाचं तोंड बघायचं ऱ्हायलं तिचं." तेवढं न्हवतं. काय ऱ्हायलंय ते मला एकट्याला ठाऊक. चार माणसांत एवढंच म्हणायचं होतं, मी चुकलो, पोरगीच हाय. जीभ उचलली न्हाय. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आन लोक जेवायला गेले.

कोपऱ्यातली तिची खाट काढून टाकली. तरी दाढी करताना, पाणी पिताना त्या कोपऱ्यातनं ऐकू येतं, "नीट बघितलं का?" नात आता तीन वर्षांची हाय. खेळायला तोच कोपरा लागतो तिला. मी हाताला धरून अंगणात आणतो, ती परत जाऊन तिथंच बसती. भिंतीकडं तोंड करून.

परवा एकटाच नदीवर गेलो, दहावा घातला त्या जागी. खाली एक बाई धुणं धूत होती. म्हणलं, "पोरगी हाय गं. म्या नीट बघितलं न्हाय."

बाईनं मान वर केली. "आबा, कुणाशी बोलताय?"

"बायकोशी."

"मग जरा जोरात बोला की. पाण्याचा आवाज हाय."

जोरात बोललो.