ज्याच्यावरून यंत्र लावत

सगळे त्याला काटा म्हणायचे. दुकानात वजनाचा काटा असतो, त्याच्यावर गिऱ्हाइकाने आणि दुकानदाराने दोघांनी विश्वास ठेवायचा असतो, तसा हा इस्पितळातल्या दमाच्या खोलीतला काटा. खोलीचं खरं नाव दारावरच्या पाटीवर लांबलचक लिहिलेलं होतं, पण ते उच्चारतानाच दम लागायचा, म्हणून दमाची खोली.

खोलीत एक सायकल होती. जन्मभर मारली तरी भिंतीपलीकडे जायची नाही, अशी. चाकाला वजन लावून ती जड जड करत न्यायची आणि माणसाचा दम कुठे मोडतो ते बघायचं, एवढंच तिथलं काम. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी ती खोली उभी केली आणि काटा तिथे कामाला लागला तेव्हा त्याला मिसरूडही धड फुटलं नव्हतं.

तेव्हा यंत्रं कसली! पोत्याएवढ्या रबरी पिशव्या होत्या. सायकलवरच्याच्या नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि सोडलेला सगळा श्वास पिशवीत. पिशवी भरली की काट्याने तोटी फिरवायची, पिशवी काखेत मारायची आणि मीटरपाशी नेऊन दाबून रिकामी करायची. लग्न ठरलं तेव्हा बायकोच्या मैत्रिणींनी विचारलं, "नवरा काय करतो गं?" ती म्हणाली, "लोकांचे श्वास काखेत घेऊन हिंडतो." त्यावर त्या इतक्या हसल्या की लग्न मोडतं की काय असं तिला वाटलं.

बाई समजावून सांगायच्या. आग बारीक असली की स्वच्छ जळते. लाकडं जास्त घातली आणि वारा पुरेना झाला की धूर होतो. शरीराचंही तसंच. हळू चाललं की श्वासावर भागतं. जोर वाढला, श्वास पुरेना, की रक्तात आम्ल साठायला लागतं. तिथे कागदावरची सरळ चाललेली रेघ वाकते. त्या वाकाला त्या उंबरठा म्हणायच्या. पहिल्या उंबरठ्यापर्यंत माणूस सायकल मारता मारता गप्पा हाणतो. तो ओलांडला की वाक्यं तुटायला लागतात. दुसरा ओलांडला की हूं की चूं नाही.

पुढे कानाच्या पाळीला सुई टोचून रक्ताचा थेंब घेऊ लागले. पाळी पुसायचं काम काट्याचं, कारण घाम मिसळला की आम्लाचा आकडा उगाच वर चढायचा. मग कुठूनसा नियम आला की रक्तात आम्ल चारवर गेलं की तोच उंबरठा, सगळ्यांचा एकच. बाई चिडल्या, "सगळ्या गावाला एकाच मापाची चप्पल!" काही वर्षांनी ज्यांनी चप्पल शिवली त्यांनाच ती चावली आणि ज्याचा त्याचा उंबरठा वेगळा असं ठरलं. कोणी म्हणे रक्तात शोधा, कोणी म्हणे श्वासात. विद्वानांची भांडणं म्हणजे जावांची भांडणं, फक्त आवाज खालचा. शेवटी प्रत्येक श्वास जागच्या जागी मोजणारं यंत्र आलं, पिशव्या माळ्यावर गेल्या.

पण यंत्र खरं बोलतं हे कोणी सांगायचं? तपासायला मापून भरलेल्या हवेचं सिलिंडर असायचं, पण ते संपलेलं असायचं नाहीतर यायचं असायचं. म्हणून बाईंनी रीत पाडली. दर सोमवारी रोगी यायच्या आधी काट्याने सायकलवर बसायचं. त्याचा उंबरठा ठरलेला, पावसाळा असो की उन्हाळा, इकडचा तिकडे होत नसे. आकडा चुकला तर यंत्र चुकलं. बाई निवृत्त झाल्या तेव्हा धाकट्या डॉक्टरांना बजावून गेल्या, "काटा आधी, यंत्र मागून."

काट्याला याचा केवढा अभिमान! घरी भाजी खारट झाली तरी म्हणायचा, "माझी जीभ चुकणार नाही." बायको म्हणायची, "हो, तुमच्यावरूनच मिठाचा शोध लागला."

मग एका सोमवारी आकडा थोडा खाली आला. डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. काटा म्हणाला, "साहेब, यंत्र ढिलं झालंय." डॉक्टरांनी पडद्यावरचा दुरुस्तीचा आकडा जरा वाढवला, काट्याचा उंबरठा पुन्हा जागेवर आला. काही महिन्यांनी परत तेच. परत यंत्र ढिलं. परत दुरुस्ती. बाईंची रीत मोडायची कशी?

खरं काय ते काट्याला ठाऊक नव्हतं असं नाही. मनाच्या तळाशी ठाऊक होतं, पण तळ ढवळतो कोण?

अशात त्याच्या थोरल्या भावाचं दुखणं निघालं. थोरला रंगारी. जन्म शिडीवर गेला, फुफ्फुसात रंगाचा वास आणि वर विडी. त्याच्या पोटातली मोठी रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगली होती. फुटली तर खेळ खलास. ऑपरेशन मोठं, आणि ते झेपेल की नाही हे दमाच्या खोलीतल्या आकड्यावर ठरायचं. ठरलेल्या रेषेच्या वर असेल तर टेबलावर घेणार, खाली असेल तर नाही.

थोरला सायकलवर बसला. काट्याने स्वतःच्या हाताने त्याच्या नाकाला चिमटा लावला. आकडा रेषेच्या जेमतेम वर आला. थोरला घामाघूम होऊन उतरला आणि म्हणाला, "शाळेत कधी पास झालो नाही, इथे झालो बघ!"

त्या संध्याकाळी तो काट्याकडे जेवायला आला. जिना चढताना मधल्या वळणावर थोरला कठड्याला धरून थांबला. काटाही थांबला.

"मी आजारी म्हणून थांबलो. तू कशाला?"

"तुला... सोबत."

"मग बोल की काहीतरी. मुका झालास?"

काट्याला बोलता येईना. वर दारात उभी राहून बायको बघत होती. थोरला आत गेल्यावर ती हळूच म्हणाली, "अहो, तुम्ही त्यांच्यासाठी थांबला नव्हतात. रोज थांबता तुम्ही. तुमचा श्वास मला आत ओट्यापाशी ऐकू येतो."

काटा पानावर बसला. समोर थोरला ऑपरेशननंतर कोणती भिंत कोणत्या रंगाने रंगवायची ते सांगत होता. काट्याच्या डोक्यात एकच. यंत्र ढिलं नव्हतंच. ढिला मीच. आणि माझ्या ढिल्या आकड्याला जुळवायला यंत्र वर वर सरकवलं, त्या यंत्राने दादाला पास केलं.

सकाळी तो डॉक्टरांसमोर उभा राहिला. "साहेब, यंत्र बरोबर होतं. बिघडलोय मी."

डॉक्टर आधी हसले, मग हसू विरलं. दुसऱ्या इस्पितळातून भरलेलं सिलिंडर मागवलं, यंत्र लावून पाहिलं. सगळे आकडे खाली आले. डॉक्टर स्टुलावर बसले आणि मागच्या काही महिन्यांत ज्यांना त्यांनी होकार दिला होता ती माणसं आठवू लागले. दोघं तर टेबलावरून उठलीच नव्हती. "त्यांचं वय झालं होतं, असं म्हणालो मी त्यांच्या घरच्यांना," एवढंच ते बोलले.

थोरल्याला पुन्हा बोलावलं. यावेळी आकडा रेषेच्या खाली, चांगलाच खाली. सर्जननी ऑपरेशन रद्द केलं. काट्याचीही तपासणी झाली. हृदय थकलं होतं. गोळ्या सुरू झाल्या आणि सायकलवर बसायचं नाही, असा हुकूम.

थोरला इस्पितळाच्या पायऱ्यांवर त्याला गाठून म्हणाला, "पास झालो होतो ना मी? तुला तोंड उघडायची काय खाज होती?"

"दादा, टेबलावरच गेला असतास तू."

"आणि आता कुठे चाललोय? बाजाराला? तिथे निदान झोपेत तरी गेलो असतो."

"डॉक्टर म्हणतात, जपलं तर..."

"जपून काय करू? शिंकायचीही भीती वाटते मला. पोटात सुतळी बाँब घेऊन बसलोय आणि तू म्हणतोस जप." मग आवाज उतरवून म्हणाला, "तुझा आकडा चुकतोय हे तुला आधी कळलं नाही? तेव्हा बोलला असतास तर मी आशेला तरी लागलो नसतो."

ते खरंच होतं.

थोरला त्यानंतर त्याच्याशी बोलला नाही. उन्हाळा सरता सरता एका दुपारी, खुर्चीत बसून चहा पिता पिता ती वाहिनी फुटली. इस्पितळात न्यायलाही सवड मिळाली नाही.

दिवसकार्य उरकल्यावर काटा वहिनीला भेटायला गेला. तिने पाणी दिलं आणि समोर बसली. घरात रंगाचे डबे तसेच कोपऱ्यात रचलेले होते. ती म्हणाली, "भावजी, एक विचारते. त्या पहिल्या आकड्यावर ऑपरेशन झालं असतं, तर वाचले असते का हो?"

काट्याने तोंड उघडलं. आयुष्यभर खरं माप देण्याचं व्रत घेतलेला माणूस तो, आणि एकदा ते मोडल्याने काय होतं तेही पाहून चुकलेला. म्हणाला, "वाचलेही असते, वहिनी. दादासारखा खालचा आकडा असणारे सगळेच टेबलावर दगावत नाहीत. काही वाचतात."

"यंत्र खोटं बोलत होतं तेव्हा इतके महिने गप्प बसलात," ती म्हणाली. "आज मला 'नसतेच वाचले' एवढं एक खोटं सांगायचं होतंत."

काटा उठला. दारापर्यंत गेला आणि तिथेच भिंतीला हात टेकून उभा राहिला, श्वास पुरेना. वहिनीने खुर्ची त्याच्याकडे सरकवली. बसा मात्र म्हणाली नाही.