रक्तानं केलेली चुगली

माझी बायको कधी "दुखतंय" म्हणाली नाही. बाळंतपणात नाही, दाढ काढताना नाही. विचारलं तर उलट म्हणायची, "सांगून तुमी वाटून घेणार हाय का?"

तिचा जन्म मिठागरात गेला. मिठाच्या वाफ्यात अनवाणी पाय घालायची आणि हुकूम सोडायची, "मीठ धरलंय, ओढा." तळव्याला कण टोचला की तिला कळायचं. त्यात माझं कधी ऐकलं नाही.

हातापायातलं बळ जायचा रोग तिच्या माहेरचा. तिला लागला, तिच्या भाचीलाही लागला. मुंबईच्या एका इस्पितळात नवं औषध तपासून बघत होते. विषाणूतला रोग काढून टाकायचा, त्यात चांगलं बियाणं भरायचं आणि सुईनं अंगात सोडायचं, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. मी नको म्हणालो. ती म्हणाली, "पोरीच्या आधी मला टोचू द्या. माझं जगून झालंय."

सुई घेतल्यावर रक्त तपासायला मांडव्याहून लाँचनं जायचो. ही आदल्या दिवशी खजूर आणि गूळ खायची, नवं लुगडं नेसायची. "परक्यांसमोर रक्त चांगलं दिसाया नको?" डॉक्टरीणबाई हसायच्या. "आजी, या औषधानं जाणिवेची नस मोडली की तिचा चुरा रक्तात उतरतो. आम्ही तो शोधतो. तिथं खजुराचं काही चालत नाही."

एकदा चुरा निघाला. बराच.

"पायाला मुंग्या येतात?"

"न्हाय."

"रक्त तर वेगळं सांगतंय, आजी."

चोरी पकडल्यासारखी हिनं मान खाली घातली. "मेलं चुगलखोर," म्हणाली.

गोळ्या दिल्या. चुरा कमी झाला, पण तळव्यातली गेलेली जाणीव आली नाही. वाफ्याच्या बांधावर उभी राहून एक दिवस मला म्हणाली, "तुमीच पाय घालून बघा." उभ्या संसारात पहिल्यांदा.

पुढं खाडीत कालवाचं टरफल टाचेत घुसलं. पूर्वी दुखायचं तरी ती सांगायची नाही. आता दुखलंच नाही. जखम चिघळून विष अंगभर पसरलं तेव्हा आम्हाला कळलं. गेली.

भाचीचं औषध थांबवलंय. हिच्या रक्तावरून मात्रा ठरवायची म्हणतात. परवा डॉक्टरीणबाईंचा फोन आला, आजींच्या रक्ताच्या बाटल्या बर्फात आहेत, अजून ठेवल्या तर चालेल का? राख तर मी केव्हाच खाडीत सोडली होती.

"ठेवा," म्हटलं. "पण तिला थंडी सोसत नाही, तेवढं बघा."