श्वास कॅसेटच्या आधीचा

चिरगाँवला महिला दिनाच्या सभेत तीन पुरुषांची भाषणं ऐकून मी बसने झाशीला परतत होते. ड्रायव्हरने बुंदेली गाण्यांची कॅसेट लावली. गाण्यातली बाई नवऱ्याला चूल फुंकायला बसवत होती. माझ्या शेजारी घुंघट ओढून बसलेली बाई सोबत गुणगुणू लागली. कॅसेटमधली बाई श्वास घ्यायची, त्याच्या क्षणभर आधी ही घ्यायची.

"पूरा याद है?" मी विचारलं.

"हमारा ही गाया है, दीदी."

"तो कैसेट पर फ़ोटो होगा आपका?"

तिने पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्याकडे हळूच बोट दाखवलं. "ससुरजी बोले, आवाज़ बेच लो, मुँह मत दिखाना. फ़ोटो किसी और का है. नाम भी." मग कुजबुजली, "ड्राइवर भैया से कहो ना, थोड़ा तेज़ करें."

मी ओरडून सांगितलं. आवाज वाढला. सासऱ्याने गुडघ्यावर ठेका धरला, प्रवासी माना डोलवू लागले. ती घुंघटाच्या फटीतून एकेकाचा चेहरा बघत राहिली.

पुढे ती कॅसेट मी झाशीच्या सीपरी बाजारातून आणली. अजून लावते आणि प्रत्येक ओळीआधी त्या श्वासाची वाट बघते. तिचं नाव विचारायला मीही विसरले होते.