लेकीचं घर

नाशिकच्या पांडवलेण्यांच्या पायथ्याशी ती पेरूची पाटी घेऊन बसते. नाव मी कधी विचारलं नाही. ही बौद्ध लेणी बघून जपानी प्रवासी उतरले, की ती प्रत्येकाच्या हातावर एक पेरू ठेवते. पैसे देऊ केले, तर मान हलवते. मला मात्र तिनं कधी फुकट दिला नव्हता. एकदा कारण विचारलंच.

"बुद्धाचा धर्म इकडूनच गेला ना तिकडं? म्हणजे लेक दिल्यासारखंच हाय. माहेरी आलेल्यांना रिकाम्या हातानं धाडू का?"

परवा मी जपान पाहून आलो. मोबाइल तिच्यापुढे धरला. तिनं आधी पदराला हात पुसले. लाकडी देवळातली लखलखीत जमीन, दारात ओळीनं लावलेल्या चपला, संग्रहालयात काचेआड जपलेली बुद्धमूर्ती, सगळं सावकाश पाहिलं. 'आपल्याकडे कुठलं असलं!' हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

तेवढ्यात ती ताठ बसून म्हणाली, "लय नेटकं ठेवलंय हो लेकीनं घर!"

मी माझं वाक्य गिळलं. तिनं पाटीतला सगळ्यात मोठा पेरू माझ्या हातावर ठेवला. मी खिशात हात घातला, तर तिनं मान हलवली.

"राहू द्या. लेकीची खुशाली आणली तुम्ही."