वायर काढल्याचा आवाज

भाऊ गेला, तेव्हा त्याची गिटार कॉम्प्युटरमध्ये नुसती कोरडी, अँप्लिफायरशिवाय रेकॉर्ड झालेली होती. ती त्याच्याच अँपमधून वाजवायची तर मध्ये रेकॉर्डिंग अँपला जोडणारा रीअँप बॉक्स हवा. शहापुरात तो कोण ठेवणार? सापगावच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून जुना ट्रान्सफॉर्मर आणला आणि पत्र्याच्या डब्यात मीच बसवला.

अँप वाजू लागताच काका ओरडले, "सुतकात कसली गिटार वाजवतोस रे?"

"मी नाय वाजवत, तोच वाजवतोय!" मीही ओरडलो.

रेकॉर्डिंगच्या शेवटी भावाने गिटारची वायर उपटल्याचं खट्ट ऐकू आलं. तो होता तेव्हा रोज तेवढं ऐकलं की आई त्याचं जेवण वाढायची. आतून ताट काढल्याचा आवाज आला. परत ठेवल्याचा मात्र कितीतरी वेळ आला नाही.